वाढदिवसाचा बर्फ

त्या वर्षांत माझी देवाशी बोलचाल बंद होती. लोक म्हणतात श्रद्धा उडाली, विश्वास ढळला. माझं तसलं काही नव्हतं. तो आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर राग होता. नसलेल्या माणसावर कोण कशाला रुसेल? माझी आठ महिन्यांची मुलगी घटसर्पाने गेली, तेव्हा औषध साताऱ्याहून निघालं होतं, पण आमच्या गावी पोचलं ते उशिरा. मी स्वतः परिचारिका. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी उन्हातान्हात धावलेली. आणि माझ्याच दाराची वाट औषधाला सापडू नये? त्यानंतर देवघरातला दिवा यजमान लावू लागले. मी निरांजन घासूनपुसून उंबऱ्यापाशी ठेवायची, पण आत बघायची नाही. घरातल्या माणसाशी अबोला धरला तरी त्याचं ताट आपण वाढतोच ना, तसं ते चाललं होतं.

एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेला मॉरिशससाठी स्वयंसेवक हवे आहेत, असं आमच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंकडून कळलं. आरोग्य कार्यक्रम अधिकारी असं भारदस्त नाव, पगार नाही, राहायला एक खोली आणि खर्चापुरतं मानधन. यजमान शाळामास्तर, स्वभावाने अगदी शांत. मी विचारलं तर वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, “जाऊन ये. इथे राहून तू भिंतींशी भांडतेस. तिथे निदान माणसांशी भांडशील.” मला तेव्हा राग आला होता. पण मी बोटीवर चढताना ते धक्क्यावर उभे राहून डोळे पुसत होते, तेव्हा वाटलं, या माणसाला मी फार छळलं. साठच्या दशकाची ती सुरुवात होती आणि मॉरिशस अजून इंग्रजांच्याच ताब्यात होतं.

क्वात्र बॉर्नला आमच्या संस्थेची कचेरी होती. तिथून बेटावरच्या गावोगाव जाऊन लहान मुलांना पोलिओचं औषध पाजायचं, हे माझं काम. औषध सोपं, जिभेवर थेंब सोडायचे की झालं. सुई नाही, रडारड नाही. पण त्याचे नखरे मात्र फार. त्याला सतत बर्फ हवा. कॉर्कचं अस्तर लावलेली एक पत्र्याची पेटी मी सगळीकडे वागवत असे, आत एक तापमापक ठेवलेला, त्यावर लाल रेघ. पारा रेघेच्या वर गेला की औषध फेकून द्यायचं, असा कडक नियम होता. तो मी नेहमी पाळत आले होते, कारण निकामी औषध पाजून आईला निर्धास्त करणं हे मला पापच वाटे.

ब्रीझे वेर्दिएर हे पूर्वेकडचं शेतीचं गाव. तिथे मराठी घरं बरीच होती. त्यांचे पणजे-खापरपणजे कोकणातून आणि घाटावरून उसाच्या कामाला आलेले. त्यांची बोली ऐकून मला पहिल्या दिवशी हसू आलं आणि दुसऱ्या क्षणी रडू आलं. माझ्या आजोळची म्हातारी माणसं बोलत तशी ती होती, फक्त मधूनच एखादा क्रिओल शब्द टपकन पडायचा. रखमाआजी म्हणून एक वयस्क बाई होत्या, त्यांनी मला पहिल्याच भेटीत लेक करून टाकलं. गावच्या मराठी देवळाचा कारभार तुकारामकाका बघत. माणूस सरळ, पण रीतीभातीला फार धरून. आणि सावित्री. तिच्या थोरल्या मुलाला पोलिओ होऊन त्याचा पाय वाळला होता. तो भिंतीला धरून चाले. धाकटी अजून वर्षाची व्हायची होती. गावात तापाची नुसती कुजबुज झाली तरी सावित्री त्या पोरीला पदराखाली घेऊन बसायची.

औषधाचे डोस टप्प्याटप्प्याने द्यायचे असत. पहिल्या फेरीला ती पोर तापाने फणफणली होती म्हणून तिचा डोस राहून गेला होता. आता दुसरी फेरी ठरवायची होती आणि मी फार शहाणपणा करून दिवस निवडला तो गणेश चतुर्थीचा. का, तर त्या दिवशी गावातलं प्रत्येक मूल देवळात येणार. घरोघर हिंडायला नको, कुणी शेतावर गेलंय म्हणून चुकायला नको. कचेरीत सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. गणपतीचे दिवस एका मराठी बाईशिवाय आणखी कोणाला कळणार, असं साहेब म्हणाले. मीही फुशारले.

सकाळीच निघाले. कचेरीची जीप साहेबांच्या कुणा पाहुण्याला आणायला प्लेन मान्येनच्या विमानतळाकडे गेलेली, म्हणून मी पेटी मांडीवर घेऊन बसने आले. ऊसतोडणीचा हंगाम. एक लॉरी वळणावर आडवी झाली होती, सगळा ऊस रस्त्यावर पसरलेला, आणि आमची बस त्यामागे ऊन खात उभी. प्रवासी उतरून ऊस चोखत बसले. मी पेटीवर ओला टॉवेल घालून त्या ड्रायव्हरला मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

देवळात पोचले तेव्हा मांडवात बायकामुलांची गर्दी होती. केळीचे खांब, झेंडूची तोरणं, मोठ्या पातेल्यात खीर उकळतेय. मूर्ती पाटावर ठेवलेली, पण तोंडावर अजून वस्त्र; प्राणप्रतिष्ठा व्हायची होती. भटजी एकच, आणि आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या पूजा त्यांच्याच गळ्यात. ते अजून आले नव्हते. मी पेटी उघडली. बर्फाची लादी विरघळून लिंबाएवढे तुकडे राहिलेले आणि पारा रेघेच्या जरा खाली. मी घाईघाईने सावित्रीला हाक मारली. म्हटलं, हिच्यापासूनच सुरुवात करू, बाकीच्या येतील मागोमाग.

सावित्री पोरीला घेऊन आली, पण हात जोडून उभी राहिली. “बाय, रागाऊ नको. देव बसू दे आदी. मी नवस बोललेय. देवाला निवेद दावल्याबिगर हिच्या तोंडात दुधाशिवाय कायबी जायचं नाय.” मी तिला समजावलं, अगदी हात धरून समजावलं. औषध म्हणजे अन्न नव्हे, देव रागावणार नाही वगैरे. ती ऐकत होती, डोळ्यांत पाणी, पण मान हलेना. बाकीच्या बायकाही तशाच. मोठ्या मुलांनीसुद्धा करेम धरलेला, तिथे उपासाला तो शब्द. मी आवाज चढवणार होते, पण तिचा तो थोरला मुलगा खांबाला धरून माझ्याकडे बघत होता. मी पेटीचं झाकण लावलं.

मग मी रखमाआजींना म्हटलं, “काही हरकत नाही, रेमों येईल ना इतक्यात? त्याच्याकडून बर्फ घेऊ.” रेमों म्हणजे किनाऱ्यावरच्या गावातून सायकलवर मासे विकायला येणारा क्रिओल माणूस. सायकलच्या मागे पेटी, पेटीत मासे आणि बर्फ, हँडलला रबरी भोंगा. मागच्या फेरीत माझा बर्फ संपला तेव्हा त्यानेच भरभरून दिला होता आणि एक सू, म्हणजे तिकडचा पैसा, तोसुद्धा घेतला नव्हता. त्याच्याच जोरावर मी या वेळीही निर्धास्त आले होते.

आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाळाला हात लावला आणि खो खो हसायला लागल्या. “अगं बाय माझे! चवतीला मासंवाला? शुद्धीवर हाईस ना? सरावन लागल्यापास्नं तो हिकडं फिरकला नाय. कुनी घेनारच नाय तर तो कशाला पायडल मारत येईल?”

श्रावणापासून गणपतीपर्यंत मासळी बंद. ही रीत मला कुणी शिकवायला हवी होती का? आमच्याही घरात तीच. मराठी बाई म्हणून ज्या दिवसाची मी ऐट मिरवली, त्याच दिवसाची एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. गावात कुणाकडे फ्रीज नव्हता. चिनी दुकानदार सरबताच्या बाटल्या पाण्याच्या टबात गार करायचा. मी दुकानात जाऊन आले, रस्त्यावर उभी राहून आले, परत येऊन पारा पाहिला. रेघेला टेकायला आला होता. औषधाचा पुढचा साठा बोटीने केव्हा येईल हे साहेबांनाही सांगता येत नव्हतं आणि शेजारच्या गावात एका मुलाला तापानंतर उभं राहता येत नसल्याची बातमी आली होती. सावित्रीने विचारलं, “आज मिळंल ना, बाय?” मी हो म्हटलं. खोटंच.

मांडवाच्या मागच्या बाजूने गाभाऱ्यात जायला एक लहान दार होतं. मी तिथे गेले. मुद्दाम गेले असं नाही. रडायचं होतं आणि आडोसा तेवढाच होता. समोर तो पाटावर, तोंडावर वस्त्र ओढून बसलेला. ते वस्त्र बघून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बरं आहे की तुझं! तोंड झाकून बसलास म्हणजे काही बघायला नको. माझ्या वेळेला बघितलं नाहीस. ते मी गिळलं. निदान गिळायचा प्रयत्न केला. पण ही बाई तुझ्यासाठी उपाशी बसली आहे, तुझा मान आधी म्हणून पोरीच्या तोंडाशी आलेलं औषध तिने थांबवलं आहे. आता हिच्याशीही तसाच वागणार आहेस का तू? बुद्धीचा देव म्हणवतोस, मला सकाळी थोडी अक्कल द्यायला काय झालं होतं? असं बरंच काही. मग बोलता बोलता दम संपला. भिंतीला डोकं टेकून मी म्हणाले, माझ्याने झालं तेवढं मी केलं. चुकलं तेही माझंच. आता मला काही सुचत नाही. तू बघ.

एवढंच. ना घंटा वाजली ना फूल पडलं. खिरीचा वास येत होता आणि बाहेर एक मूल रडत होतं. पण एक सांगते, छातीवर वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं काहीतरी सैल झालं. भांडायला का होईना, मी त्याच्याशी बोलले होते.

मी डोळे पुसून मांडवात आले आणि तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा ऐकू आला. बायकांत एकदम कालवा. “अगं बया! मासंवाला?” “आज? याला याड लागलं काय?” तुकारामकाका पूजेची तयारी सोडून फाटकाकडे धावले, सोवळ्यातच. मी त्यांच्या मागे.

फाटकाबाहेर रेमों सायकल धरून उभा होता. धुतलेला पांढरा सदरा, केस पाणी लावून बसवलेले. आत पाऊल टाकत नव्हता. काकांचा चेहरा बघून तो आधी घाबरला, मग क्रिओल आणि मोडकं मराठी मिसळून सांगू लागला. पहाटे समुद्र खवळलेला होता, होड्या गेल्याच नाहीत, मासे नाहीत. पण बर्फवाल्याने बर्फ देऊन टाकला होता. नुसता वितळून जाणार. मग त्याला आठवलं, आज गणेशाचा फेत, म्हणजे सण. “वाढदिवस ना, काका? वाढदिवसाला लेकरांना आलुदा लागतंय.” आलुदा म्हणजे सब्जा घातलेलं थंड दूध, तिकडच्या मुलांचा जीव की प्राण. बर्फाशिवाय त्यात मजा नाही. “पेटी मी लिंबानं घासली, दोनदा. बायकोनं वास घेऊन बघितला, मग निघालो.” आणि त्याने पेटीचं झाकण उघडलं. भुशात गुंडाळलेली बर्फाची अख्खी लादी.

मी पेटी आणायला वळले तर काका आडवे आले. आवाज मऊ होता, पण शब्द पक्के; बर्फाला तिथे लाग्लास म्हणत. “बाई, तुमचं काम मोठं, मला ठावं हाय. रेमोंचं मनबी मोठं. पन आज देव बसतोय. मासळीच्या पेटीतलं लाग्लास मांडवात आनून त्यावरची दवा लेकरांच्या तोंडात? आजपातुर कदी झालं नाय. उद्या कायबी हुंदे.” हा हट्ट नव्हता. त्यांना खरंच भीती वाटत होती की आपल्या हातून देवाचं काही चुकेल आणि ते मुलांवर येईल.

रखमाआजी पदर खोचत पुढे आल्या. “तुकाराम, आपन देवाला घालवायला कुटं नेतो रं?”

“नदीला.”

“नदीत मासं हायत का नायत?”

काकांनी मान डोलावली.

“त्यांच्या अंगावर देवाला सोडून हात धुऊन घरला येतो, तवा इटाळ नाय व्हत. आनि त्याच्याच वाडदिसाला कुनी एवडं पायडल मारत लाग्लास आनलं, तर इटाळ? तो पोर आनतोय देवासाटी. तू कोन मदी उभा ऱ्हानारा?”

बायका हसल्या. काका हसले नाहीत. ते लादीकडे बघत राहिले, मग रेमोंकडे. मग सोवळ्यातल्या त्या माणसाने वाकून ती अख्खी लादी स्वतःच्या दोन्ही हातांनी उचलली आणि आणून माझ्या पेटीपाशी ठेवली. आम्ही ती फोडली, बाटल्यांभोवती रचली. पारा रेघेला टेकता टेकता राहिला होता. बघता बघता खाली उतरला. मी मान वर केली तेव्हा काका विहिरीवर पुन्हा अंघोळ करत होते. रीतही पाळली आणि कामही केलं, आणि कुणाला त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

भटजी आले ते घामाघूम होऊन, त्याच आडव्या लॉरीने त्यांनाही अडवलं होतं. देवाच्या तोंडावरचं वस्त्र निघालं. आरती झाली, झांजा इतक्या जोरात वाजल्या की कोपऱ्यातली तान्ही रडायला लागली. नैवेद्य दाखवला. मग सावित्री सगळ्यांच्या पुढे आली. पोरीला काकांनी तीर्थ दिलं, आणि ती वळून माझ्यापुढे बसली. मी थेंब सोडले. पोरीने तोंड वेडंवाकडं केलं, गिळलं आणि माझ्याकडे बघून हसली. सावित्री मात्र ओक्साबोक्शी रडली. तिच्या मागे रांग लागली ती ऊन कलेपर्यंत.

सगळी मुलं संपली तरी थोडं औषध उरलं होतं आणि बर्फही. रेमों फाटकाबाहेर आंब्याखाली बसून केळीच्या पानावर पुरी खात होता. आजींनी त्याला विचारलं, “तुला लेकरू झालं म्हनं. त्येला दिलं काय हे?” तो म्हणाला, अजून नाही, त्याच्या गावाची फेरी पुढे कधीतरी होती. मी पेटी बंद केली आणि पदर खोचला. बस नव्हती. तर तुकारामकाका कुणाची तरी मोटार घेऊन आले, स्वतः शेजारी बसले आणि बर्फाची पेटी मांडीवर घेतली. रेमोंची सायकल टपावर.

समुद्राकाठचं त्याचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली, दाराशी जाळी वाळत घातलेली. त्याची बायको बाहेर आली. मी कोण, कशाला आले, हे तिने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. मी ओट्यावर बसले आणि तिने बाळ सरळ माझ्या मांडीवर दिलं. मुलगी होती. माझी लेक गेल्यापासून मी कुणाचं मूल मांडीवर घेतलं नव्हतं. शेकडो मुलांच्या तोंडात थेंब सोडले, पण प्रत्येक वेळी आईच्या मांडीवर. कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने मी ते टाळत आले होते. ते वजन मला अगदी जसंच्या तसं आठवत होतं. बाळाने माझं बोट पकडलं आणि मी मोठ्याने रडायला लागले. बिचारी त्याची बायको घाबरून गेली, तिला वाटलं औषधात काही वाईट आहे. काका तिला म्हणाले, “कोरेक, कोरेक, कायबी नाय झालं,” आणि माझ्याकडे न बघता समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. मी डोळे पुसले आणि थेंब सोडले.

समुद्र त्या पहाटे का खवळला, रेमोंला लेकरांचा आलुदा नेमका तेव्हाच का आठवला, हे मला कुणी विचारलं तर मी सांगू शकत नाही. वारा होता म्हणून खवळला असेल. यजमानांना लिहिलं तेव्हाही मी फक्त जे घडलं ते लिहिलं. माझी मुलगी का गेली याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं नाही, आजही मिळालेलं नाही, आणि आता मी ते मागत नाही. पण तू बघ असं म्हणून मी हात सोडले आणि त्याने ते रिकामे ठेवले नाहीत. सांज होत आली होती, भरती लागली होती आणि ती पोर माझं बोट सोडायला तयार नव्हती. तिची आई तिला घ्यायला वाकली तेव्हा मी म्हटलं, “राहू दे गं थोडा वेळ.”